पास आठशेचा, रात्र दीड हजारांची

दर जानेवारीत पानिपतात एक गंमत होते. १४ तारखेला महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं काला आंबला येतात, १७६१ च्या रणभूमीवर माथा टेकतात आणि परत जातात. त्याच सुमारास इथे नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या मराठी घरांतून उलट दिशेची चौकशी सुरू होते: यंदा पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे ‘पिफ’, कधी? २०२४ मध्ये तो १८ ते २५ जानेवारीला झाला, म्हणजे काला आंबच्या गर्दीनंतर अवघ्या चार दिवसांनी.

इराणचा, कोरियाचा, पोलंडचा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा तर पानिपतकराला शहर सोडावं लागतं. इथल्या मल्टिप्लेक्सांत असा सिनेमा लागलेला मी तरी पाहिलेला नाही. मग किती खर्च येतो? लोक आधी पासाची किंमत विचारतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. पास ही या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

ती स्वस्त का, हे आधी समजून घ्या. महोत्सवातल्या परदेशी चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसतं. खेळ व्यावसायिक नसेल आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असतील, तर सरकार प्रमाणपत्रातून सूट देतं. म्हणून महोत्सवात एरवीसारखं खिडकीवरचं तिकीट नसतं, नावनोंदणी असते. याचाच दुसरा परिणाम म्हणजे बहुतेक ठिकाणी अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. मुलांना बरोबर नेण्याचा बेत असेल तर त्यांची सोय आधी बघा, कारण दारावर वाद घालून उपयोग नाही.

सुरुवात दिल्लीपासून करू. अंतर नव्वद किलोमीटर. युरोपियन युनियनचा चित्रपट महोत्सव तिथे अनेक वर्षं भरतो आणि प्रवेश मोफत असतो. जो आधी येईल त्याला खुर्ची. लोदी रोडच्या इंडिया हॅबिटॅट सेंटरने २०२४ च्या मार्चमध्ये स्वतःचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही सुरू केला. याशिवाय स्पेनचं इन्स्टिट्यूतो सर्व्हांतेस आणि जर्मनांचं मॅक्स म्यूलर भवन वर्षभर काही ना काही दाखवत असतात. जुने रसिक अजून सिरी फोर्टची आठवण काढतात. अरुणा वासुदेव यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला ‘सिनेफॅन’ पुढे तिथेच भरायचा आणि आशियाई सिनेमा बघायला त्याच्यासारखी जागा नव्हती. तो बंद पडला, पण दिल्लीची मोफत दाखवायची सवय टिकली.

मोफत म्हणजे फुकट नव्हे. सकाळच्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्याला पन्नास-पंचावन्न रुपये पडतात, साध्या लोकलला त्याच्या निम्म्याहून कमी. हॅबिटॅटसाठी नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने जोरबागला उतरायचं. ऑगस्ट २०२५ च्या दरवाढीनंतर याला ३२ रुपये लागतात. स्मार्ट कार्ड असेल तर दहा टक्के सूट, रविवारी दर आणखी कमी. जेवणाचे अडीचशे धरा. हॅबिटॅटमध्येच खाल तर ते पुरणार नाहीत, म्हणून डबा न्या नाहीतर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं उपाहारगृह गाठा.

खरा प्रश्न परतीचा. संध्याकाळी साडेसहाचा खेळ सुटेपर्यंत नऊ वाजतात आणि रात्री गाड्या विरळ होतात. जोरबागहून त्याच पिवळ्या मार्गाने काश्मिरी गेट गाठलं की आंतरराज्य बसस्थानकावरून चंदीगडकडे जाणाऱ्या बसेस रात्रभर मिळतात. मेट्रोचे फार तर ४३ आणि बसचे शंभर-सव्वाशे. पण पानिपतचा नवा बसस्टँड शहराबाहेर सिवाहला गेला आहे. अकरा-साडेअकराला तिथे उतरल्यावर रिक्षावाला शंभर मागतो आणि तुम्ही देता. सगळं मिळून एका माणसाचे सहाशे. तीन चित्रपट बघितले तर दर चित्रपटाला दोनशे, एकच बघितलात तर सहाशे.

चौघं मोटारीने गेलात तर पेट्रोलचे साधारण तेराशे (जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, लिटरला पंधराचा हिशेब), टोल आणि पार्किंगचे चार-पाचशे, आणि परत येताना मुरथलला थांबायचंच, त्यामुळे पराठ्यांचे नऊशे. माणशी सातशेच्या आत. म्हणजे मोटार स्वस्त पडत नाही, पण शेवटचा खेळ संपेपर्यंत घड्याळाकडे बघावं लागत नाही. बरोबर बायका असतील किंवा सत्तरीचे वडील असतील, तर मी ते शंभर रुपये जास्त मोजतो. रात्री राहायचंच असेल तर पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे. तिथे खोली रिकामी आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

पुण्याचं गणित निराळं आहे. तिथे एक-दोन दिवसांसाठी जाणं हा पैशांचा अपव्यय. पिफची नोंदणी अलीकडच्या वर्षांत आठशे रुपयांची आहे, आणि विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, फिल्म क्लबचे सभासद यांना २०२३ मध्ये ती सहाशे होती. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद केली आहे, त्यामुळे आजोबांना सूट मिळेल ती चित्रपटगृहात, गाडीत नाही. गाडी म्हणजे आपली झेलम. जम्मूहून येणारी ही एक्स्प्रेस पानिपतला थांबते आणि थेट पुण्याला उतरवते. साधारण तीस तास लागतात. स्लीपरला एका बाजूचे सातशेच्या घरात, थर्ड एसीला एकोणीसशेच्या आसपास.

अडचण आरक्षणाची. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठच दिवस आधी उघडतं, आणि पिफच्या तारखा सरकतात. २०२४ मध्ये जानेवारी, २०२५ मध्ये १३ ते २० फेब्रुवारी. तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी तिकीट काढा. पास नंतरही मिळतो, पण झेलमची वेटिंग लिस्ट कोणाची वाट बघत नाही.

आता सहा दिवसांचा खर्च मांडू. स्लीपरचे जाऊन-येऊन पंधराशे, पास आठशे, लॉजचे रोज दीड हजार म्हणजे नऊ हजार, जेवणखाण दिवसाला चारशे म्हणजे चोवीसशे, शहरातल्या फिरण्याचे बाराशे. बेरीज १४,९००. रोज चार चित्रपट बघितले तर चोवीस होतात आणि दर चित्रपटाला सहाशेवीसच्या आसपास पडतात. या बेरजेत साठ टक्के वाटा एकट्या लॉजचा आहे!

म्हणून पुण्यात आत्या, मावशी, चुलत भाऊ, जो कोणी असेल त्याच्याकडे उतरा. लाजू नका. पानिपतहून जाणाऱ्याकडे देण्यासारखं भरपूर असतं: हातमागाची चादर, आणि पचरंगा लोणच्याची बरणी, जी पुण्यात सहजी मिळत नाही. या भेटीचे आठशे, बाहेरच्या दुपारच्या जेवणाचे पंधराशे, वर गाडी, पास आणि रिक्षा. सगळं ५,८०० मध्ये बसतं आणि चित्रपटाला दोनशेचाळीस पडतात, दिल्लीपेक्षा थोडेसेच जास्त. मात्र रोज रात्री अकराला दार वाजवणारा पाहुणा कुणालाही आवडत नाही. पहिल्या दिवशीच किल्ली मागून घ्या.

रिक्षाचे पैसे वाचवायचे तर चित्रपट निवडताना चित्रपटगृह बघा. अलीकडे पिफचे खेळ सेनापती बापट रस्ता, औंध, बंडगार्डन आणि लॉ कॉलेज रस्त्यावरचं चित्रपट संग्रहालय असे विखुरलेले असतात. दुपारी औंध, संध्याकाळी बंडगार्डन असा बेत केला तर मधला चित्रपट वाहतुकीत जातो. मी दिवसभर एकाच ठिकाणी बसतो आणि मिळेल ते बघतो. नाव न ऐकलेल्या दिग्दर्शकाचे चांगले चित्रपट मला असेच सापडले. ज्यांना निवडूनच बघायचं असेल त्यांनी जागतिक स्पर्धा विभाग धरावा. ‘प्रभात’ नावाचा दहा लाखांचा पुरस्कार याच विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मिळतो. आणखी एक: रोज पाच खेळ लिहिलेले असले तरी पाचवा हिशेबात धरू नका. त्या वेळी खुर्चीत झोप लागते, आणि झोपेचे पैसे घरी लागत नाहीत.

गोव्याचा ‘इफ्फी’ सगळ्यात मोठा. १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव २००४ पासून पणजीत आहे. अलीकडे तो २० ते २८ नोव्हेंबरच्या दरम्यान होतो, त्यामुळे आरक्षण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उघडतं आणि बेत आखणं सोपं जातं. रसिकांची नोंदणी जीएसटीसह ११८० रुपये, विद्यार्थ्यांना मोफत. पास हातात असला तरी प्रत्येक खेळाची जागा ऑनलाइन राखावी लागते. गाजलेल्या चित्रपटांच्या जागा काही मिनिटांत संपतात. तिकीट नसेल त्यांच्यासाठी रांग असते, आणि रिकाम्या खुर्च्या त्या रांगेतल्यांना मिळतात. जिला अर्धा तास आधी उभं राहायला हरकत नाही, तिचं फारसं काही हुकत नाही.

गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनहून सुटते. थर्ड एसीने जाऊन-येऊन साडेचार हजार धरा. पणजीत नोव्हेंबरात बावीसशेच्या खाली बरी खोली मिळाली तर नशीब समजा. दोघांत वाटली तर सात दिवसांचे ७,७००. जेवण, बस, मोटारसायकलवाला पायलट, सगळं धरून बेरीज साडेअठरा हजारांच्या पुढे जाते. दिवसाला चार चित्रपट धरले तरी एकाला साडेसहाशेहून जास्त. पुण्याच्या लॉजपेक्षा थोडंच महाग, वर समुद्र. पण तिथे आत्या नाही.

विद्यार्थ्याला मात्र मी गोवाच सुचवेन. पास फुकट, स्लीपरचे जाऊन-येऊन सतराशेच्या आसपास, आणि चौघांनी मिळून खोली घेतली की तो खर्च पुण्याच्या लॉजच्या निम्म्यावर येतो. केरळचा तिरुवनंतपुरमचा महोत्सव डिसेंबरात असतो. तिथे साध्या नोंदणीचे ११८० आणि विद्यार्थ्यांचे ५९० आहेत, पण पानिपतहून तेवढं अंतर तोडणारा मला अजून भेटायचा आहे.

तिकीट कुठलंही काढा, परतीचं समारोपाच्या दिवसाचं काढू नका. पुरस्कार त्या संध्याकाळी जाहीर होतात आणि विजेता चित्रपट बहुधा त्यानंतर दाखवतात. झेलम दुसऱ्या दिवशीही असते.