पायाखालची रानमेथी

विक्रोळी आणि भांडुप ह्यांच्या मध्यें वसलेल्या आमच्या कांजूरमार्गास पश्चिमेकडे पवईच्या बाजूचीं टेकाडें आहेत व पूर्वेकडे मिठागरें आणि ठाण्याची खाडी आहे. आषाढांत पाऊस कोसळूं लागला म्हणजे उघड्या जमिनीवरची माती गढूळ पाण्याबरोबर गटारांत, व तेथून खाडीकडे वाहत जाते. जो कसदार थर तयार होण्यास शतकें लागतात, त्याची ही हानि लहान नव्हे.

ह्यावर लोक बहुधा दोनच उपाय योजतात : अंगणांत फरशी घालणें, किंवा विकत आणलेली हिरवळ लावणें. फरशीमुळें पाणी जमिनींत मुरत नाहीं. हिरवळीस उन्हाळाभर पाणी व वरचेवर खत लागतें. तिसरा उपाय आपल्या पायाखालींच असतो, पण तण समजून आपण तो उपटून टाकतों. आमच्याही हातून ही चूक घडली आहे. एके वर्षीं बागकामाच्या तासास आम्हीं कुंपणाजवळची जागा अगदीं स्वच्छ केली, आणि पहिल्याच मोठ्या पावसांत तेथें ओघळ पडले. जी उपटली, ती रानमेथी होती.

रानमेथी ही आपल्या देशांत मूळचीच असलेली, भुईसरपट पसरणारी बहुवर्षायु वनस्पति होय. लिनिअस ह्या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं तिची शास्त्रीय नोंद केली. डेस्मोडियम ट्रायफ्लोरम हें तिचें प्रचलित शास्त्रीय नांव. अलीकडे तिला ग्रोना ट्रायफ्लोरा असें म्हणतात. तिच्या पानाचीं तीन लहान दळें असतात; फुलें ज्वारीच्या दाण्याएवढीं, गुलाबी-जांभळीं, एक ते तीन मिळून येतात. शेंग चपटी व सांधे असलेली असते. तिचे तुकडे कपड्यांस चिकटून दूरवर जातात. पुष्कळांस आंबुशी व रानमेथी एकच वाटतात. परंतु आंबुशीचीं फुलें पिवळीं असतात, आणि तिला शेंगवर्गाचा गुण नाहीं.

हा गुण कोणता? हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्रवायु असतो. तथापि वनस्पतींस तो हवेतून थेट घेतां येत नाहीं. शेंगवर्गांतील झाडांच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांत सूक्ष्म जंतु राहतात व हवेंतील नत्राचें झाडास उपयोगी असें अन्न करतात. झाड त्यांस साखर पुरवितें. १८८६ सालीं हेलरीगेल व विल्फार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं हें रहस्य उलगडलें, आणि १८८८ सालीं हॉलंडच्या बायेरिंकनें ते जंतु वेगळे काढून दाखविले. विद्यार्थ्यांनीं एखादें रोप मातीसकट हलकेंच काढून मुळें धुवावीं व एक गाठ चिरून पाहावी. आंत गुलाबी रंग दिसल्यास जंतूंचें काम चालू आहे असें समजावें. आपल्या रक्ताच्या लाल रंगाशीं नातें सांगणाऱ्या एका द्रव्याचा तो रंग आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. रानमेथी लावली कीं शेजारच्या झाडास लगेच खत मिळतें असें नाहीं. जिवंतपणीं ती बहुतेक नत्र स्वतःच वापरते. तिचीं पानें गळून व मुळें कुजून तें हळूहळू जमिनीस मिळतें. म्हणून फळ पाहण्यास दोन-तीन पावसाळे धीर धरावा.

लागवड सोपी आहे. पाऊस स्थिरावल्यावर मुळें फुटलेल्या वेलींचे तुकडे वीतभर अंतरानें लावावे. त्यांच्या मूळ जागेची मूठभर मातीही आणावी. म्हणजे जंतु बरोबर येतात. बीं लावावयाचें असल्यास त्याची टणक साल काचकागदावर हलकीशी घासावी. जागा उन्हाची किंवा विरळ सावलीची असावी. पहिले दोन महिने उंच गवत काढीत जावें, पण युरिया मुळींच घालूं नये; आयतें नत्र मिळालें कीं गाठी धरण्याचें प्रमाण घटतें. एकदां जम बसल्यावर ती पायदळीं तुडविली तरी टिकते. पाण्यावांचून उन्हाळ्यांत ती सुकल्यासारखी दिसली, तर मेली समजून खणूं नये. मूळ जिवंत असल्यास पावसानें पुन्हा फुटते. रोपें मात्र आपल्याच अंगणांतून किंवा शेजाऱ्यांकडून घ्यावीं. राष्ट्रीय उद्यानांतून आणूं नयेत.

ह्या वेलीवर इवलीं निळीं फुलपाखरें अंडीं घालतात, हा आणखी एक लाभ. पालकांस आमची विनंति एवढीच, कीं येत्या पावसाळ्यांत अंगण साफ करण्यापूर्वीं मुलांस बरोबर घेऊन एकदां खालीं वाकून पाहावें. ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं त्यास आपण तण म्हणतों. नांव कळलें, काम कळलें, म्हणजे उपटण्यास उचललेला हात आपोआप थांबतो. सृष्टिकर्त्यानें लहानांवर सोंपविलेलीं कामें लहान नसतात.