आरोग्य प्रश्नोत्तरे : हेल्मेट होतं, शुद्धही गेली नाही, मग काळजी कसली?

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा गोविंदा पथकात आहे. परवा सरावात तिसऱ्या थरावरून पडला. हेल्मेट होतं, शुद्धही गेली नाही. घरी आल्यावर मात्र डोकं दुखतंय म्हणाला आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिला. सीटी स्कॅन नॉर्मल आला. सासूबाई म्हणतात, त्याला झोपू देऊ नका. दहीहंडी आठवड्यावर आली आहे. पाठवू का?
– एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही, ताई. यंदा त्याला थरावर चढू देऊ नका.

तुम्ही सांगता ती लक्षणं कन्कशनची वाटतात. धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. बहुतेकांची शुद्ध जात नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला हिसका पूर्णपणे थांबवू शकत नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं. कामातला बिघाड दिसत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं, विसरणं, चिडचिड ही त्याची लक्षणं. काही वेळा ती दुसऱ्या दिवशी उमटतात.

डॉक्टरांनी तपासलं आहे, तेव्हा त्याला झोपू द्या. झोप मेंदूला हवीच असते. पण पुढील लक्षणं दिसली तर लगेच १०८ ला फोन करा : वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, जीभ जड होणं, हातापायांत अशक्तपणा, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हाक मारूनही नीट जागा न होणं.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग चालणं, कॉलेज, हलका व्यायाम, असं पायरीपायरीने. त्रास वाढला तर एक पायरी मागे. किशोरवयीन मुलांना पूर्ण बरं व्हायला महिनाभरही लागू शकतो. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर, क्वचित का होईना, जीवावर बेतू शकतं. थरावरून पडणं तर नेहमीचंच. म्हणून डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय सरावही नको.

क्रिकेटने हे ओळखलं आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून आयसीसीने कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याची सोय केली. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंजे इथे इंग्लंडविरुद्ध शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. डाव संपेपर्यंत तो खेळला, पण क्षेत्ररक्षणाला उतरला नाही. त्याच्या जागी हर्षित राणा खेळला. पुढे वाद झाला तो राणाच्या निवडीवरून.

राज्य सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. मग खेळाची ही शिस्तही पथकांनी पाळायला हवी. डोक्याला मार बसलेला गोविंदा त्या दिवशी पुन्हा थरावर जाणार नाही, हा नियम प्रत्येक प्रशिक्षकाने आधीच जाहीर करावा. पडलेल्याला कांदा हुंगवून उठवू नये, दोघांच्या मध्ये स्कूटरवर बसवूनही नेऊ नये. मानेलाही इजा असू शकते. त्याला न हलवता रुग्णवाहिका बोलवावी.

न हलवण्याचा हाच नियम रिक्षातून पडलेल्या, बाथरूममध्ये घसरलेल्या माणसालाही लागू आहे. घरातले आजी-आजोबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर डोक्याला लागलेला साधा मारही डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

मुलगा हट्ट करेल, मित्रही आग्रह करतील. तरीही ठाम राहा. हंडी पुढच्या वर्षी पुन्हा लागणार आहे.