कापड आपले, रंग कोणाचा?

सिंदेवाहीच्या अवतीभवतीच्या जंगलात ऐन आणि अर्जुन ही झाडे तुम्ही पाहिली असतील. आपल्याकडे काही लोक ऐनाला 'येन' म्हणतात. या झाडांच्या पानांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढतात. अळी पोसली की ती स्वतःभोवती टणक कोश तयार करते. त्यालाच आपण कोसा म्हणतो. आरमोरीकडची अनेक ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत. पाखरांपासून आणि मुंग्यांपासून अळ्यांची राखण करायची, एका झाडाची पाने संपली की त्यांना दुसऱ्या झाडावर न्यायचे, असे हे जागरणाचे काम असते.

कोसा हातात घ्या आणि त्याचा धागा ओढून पाहा. निघणार नाही. अळीने तो एका चिकट द्रव्याने घट्ट बसवलेला असतो. म्हणून कोसे सोडा किंवा साबण घातलेल्या पाण्यात उकळावे लागतात. सोडा कमी पडला तर धागा सुटत नाही, तुटतो. जास्त झाला तर तो कमजोर होतो. किती वेळ उकळायचे, हे जाणत्या बायांच्या हाताला कळते. पण असे का होते? रेशीम हे आपल्या केसांसारखे प्रथिन आहे. तीव्र क्षार प्रथिनाला खातो. कापूस मात्र वनस्पतीच्या तंतूचा, म्हणजे सेल्युलोजचा बनलेला असतो. तो क्षार सहन करतो, पण तीव्र आम्लाने कुजतो. शिक्षकांसमोर दोन्हींचा एक एक धागा जाळून पाहा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि कापसाला जळक्या कागदाचा. ज्या दोन धाग्यांचा स्वभाव इतका वेगळा, त्यांना रंगही एकाच रीतीने देता येत नाही.

हाताला जे कळते, ते का घडते याचा शोध घेणाऱ्या शाळाही असतात. मुंबईत माटुंगा भागात अशा दोन जुन्या संस्था आहेत. पहिली व्हीजेटीआय. ती १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झाली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला आली. तिथे सूतकताई आणि विणकाम यांचे तंत्र शिकवत. दुसरी संस्था म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग. लोक त्याला यूडीसीटी म्हणत. १ ऑक्टोबर १९३३ रोजी तो सुरू झाला, तेव्हा तिथे दोनच विषय होते : वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. आज आपण या दुसऱ्या शाळेविषयी वाचणार आहोत.

ही शाळा का काढावी लागली, हे समजायला थोडे मागे जाऊ. कावसजी दावर यांनी काढलेल्या मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीत १८५६ मध्ये काम सुरू झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाने पहिला कृत्रिम रंग बनवला. तो हिवतापावरचे औषध बनवू पाहत होता आणि हाती लागला जांभळा रंग! पुढे १८७७ मध्ये नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्या देशात गिरण्या वाढत गेल्या आणि तिकडे युरोपात रंगांचे कारखाने वाढत गेले. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. कापूस वऱ्हाडचा, सूत नागपूरचे, कापड मुंबईचे. पण त्यावरचा रंग मात्र परदेशाहून डब्यांत भरून येई. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन रंग येणे थांबले. आपल्या दारात कापडाचे ढीग असूनही रंगासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ आली.

तुमच्यापैकी काही जणांच्या नातेवाइकांचे हातमाग किंवा यंत्रमाग कामठी, मालेगाव, भिवंडी या गावांत असतील. मोमीन विणकरांची ही जुनी गावे. त्यांना हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. मागावरून उतरते ते कोरे कापड. ते धुऊन, रंगवून, छापून बाजारात गेले की त्याची किंमत वाढते. ही वाढलेली किंमत ज्याच्याकडे रंगवण्याची विद्या असते, त्याच्या पदरात पडते. तुमच्या उर्दूतला रंगरेज म्हणजेच मराठीतला रंगारी. रेशीम, जरी, मखमल, अस्तर, रुमाल हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. विणकरांच्या आणि रंगाऱ्यांच्या घरांतून ते सहज फिरले असावेत, असे मला वाटते.

यूडीसीटीमध्ये १९३४ साली डॉ. के. व्यंकटरामन आले. ते मूळचे मद्रासचे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला शिकले आणि परत आल्यावर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. १९३८ मध्ये ते या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. रंगाचे रेणू कसे बांधलेले असतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर त्यांनी मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये निघाले आणि पुढे खंडांची संख्या आठ झाली. ज्या देशांतून आपण रंग विकत घेत होतो, त्या देशांतले रसायनशास्त्रज्ञही हा ग्रंथ वापरू लागले. मला विचाराल तर या शाळेची सर्वांत मोठी कामगिरी हीच. १९५७ मध्ये व्यंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर ते पद डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक यांच्याकडे गेले. टिळक हे यूडीसीटीचेच, व्यंकटरामन यांच्या हाताखाली तयार झालेले.

वस्त्ररसायनाचे प्राध्यापक व्ही. ए. शेणई यांची कामगिरी वेगळ्या प्रकारची आहे. कापड धुणे, विरंजन करणे (म्हणजे त्याचा मूळचा मळकट रंग काढून ते पांढरे करणे), रंगवणे आणि छापणे यांवर त्यांनी पुस्तकांची मालिकाच लिहिली. रंगशाळेत काम करणाऱ्याला रोज जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे या पुस्तकांत मिळतात. अशा पुस्तकांची वर्तमानपत्रांत फारशी चर्चा होत नाही.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. केकी घरडा हे इथे शिकले, अमेरिकेत जाऊन पुढचे शिक्षण घेतले आणि परत येऊन इथेच शिकवूही लागले. मग १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईतल्या वांद्रे येथे छोट्या जागेत स्वतःचा उद्योग सुरू केला. परदेशी कंपन्या महाग विकत असलेली रसायने आपल्या पद्धतीने, कमी खर्चात बनवायची, हा त्यांचा ध्यास होता. रंगद्रव्यांपासून ते शेतीच्या औषधांपर्यंत त्यांचे काम वाढले. डोंबिवलीला आणि रत्नागिरी जिल्ह्यात लोटे येथे कारखाने उभे राहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा विषय कापड नव्हता, पण ते याच शाळेचे. १९४३ मध्ये गोव्यातल्या माशेल गावी जन्म, लहानपणीच वडील गेले, आईने मुंबईत मोलमजुरी करून शिकवले. वयाची बारा वर्षे होईपर्यंत त्यांच्या पायांत चप्पल नव्हती. १९६६ मध्ये त्यांनी यूडीसीटीतून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे ते देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांच्या परिषदेचे महासंचालक झाले. त्यांच्याच काळात, १९९७ मध्ये, हळदीने जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट भारताने रद्द करून घेतले. मुकेश अंबानी हेही इथलेच पदवीधर. आणि तुम्हांला गंमत वाटेल, 'अमर चित्रकथा' काढणारे अनंत पै हेसुद्धा याच शाळेत शिकले होते!

हळदीचे नाव निघालेच आहे, तर एक प्रयोग करू. पांढऱ्या सुती चिंधीला हळद लावा आणि वाळू द्या. मग तिला साबण लावा. पिवळा डाग लालसर होईल. चिंधी धुऊन उन्हात टाकली की काही दिवसांत डाग फिका पडेल. हा कच्चा रंग. तो धाग्यावर पाहुण्यासारखा येऊन बसतो. तुमच्या गणवेशाचा रंग मात्र बऱ्याच धुण्यांनंतरही टिकतो. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये असे रंग निघाले, की ज्यांचे रेणू कापसाच्या रेणूंशी पक्के जोडले जातात. जणू धाग्याशी त्यांची सोयरीकच जमते. यांना रिॲक्टिव्ह म्हणजे क्रियाशील रंग म्हणतात. आज सुती कापडासाठी ते फार वापरले जातात.

परंतु सगळा रंग धाग्याला लागत नाही. उरलेला पाण्यात जातो आणि ते पाणी शुद्ध न करता सोडले तर नदीत जाते. काही रंग तर अंगालाही घातक असतात. त्यांच्यापासून कर्करोग होऊ शकेल अशी द्रव्ये सुटतात. १९९४ मध्ये जर्मनीने अशा काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली आणि १९९७ मध्ये भारतानेही घातली. रंगाऱ्याचे हात दिवसभर त्याच पाण्यात असतात. म्हणून रंग बनवण्याइतकेच तो निरुपद्रवी आहे की नाही हे तपासणे, हेही वस्त्ररसायन शिकणाऱ्याचे काम ठरते. पहिल्या कामाला जेवढी प्रतिष्ठा मिळाली, तेवढी या दुसऱ्या कामाला अजून मिळालेली नाही, हे मात्र खरे.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. शाळा मात्र चालू राहिली. २००८ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिचे नाव रसायन तंत्रज्ञान संस्था असे झाले. २०१८ पासून जालन्यालाही तिचे केंद्र आहे. 'तंतू व वस्त्र प्रक्रिया' या विषयाची पदवी या संस्थेत मिळते. त्यासाठी बारावी विज्ञान शाखेनंतर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत वस्त्रतंत्राची पदविकाही घेता येते.

आता पुन्हा आपल्या कोशाकडे येऊ. टसराचा मूळ रंग तपकिरी, मधासारखा. तो सुंदर दिसतो. पण त्यावर फिकट निळा किंवा गुलाबी रंग द्यायचा तर आधी तपकिरी छटा काढावी लागते. ती सहजासहजी निघत नाही. विरंजन जास्त झाले की धाग्याची ताकद जाते, कमी झाले की वरचा रंग मळकट दिसतो. आपल्या भागातला कोसा कच्चाच विकला गेला, तर हा हिशेब दुसऱ्या गावातला रंगारी जमवतो आणि त्याचे पैसेही तोच घेतो.

स्वाध्याय

१. कोसे उकळताना सोडा जास्त झाला तर काय होते? का?
२. 'रंगाच्या बाबतीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ आली,' असे लेखक कोणत्या काळाविषयी म्हणतो?
३. पाठात आलेले आणि उर्दूतही असलेले चार शब्द शोधा. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरातील किंवा ओळखीतील विणकर, शिंपी किंवा कोसा उत्पादक यांना भेटा. त्यांच्या कामातील, हाताला कळणारी पण कारण ठाऊक नसलेली एक गोष्ट विचारा आणि ती मराठीत पाच-सहा ओळींत लिहा.