गोधडीचा खरा भाव

घरी बसून करण्याजोगा एखादा धंदा सुचवा, अशी विचारणा मंडळ्यांतील भगिनींकडून पुष्कळदा होते. गोधडी शिवण्याचा धंदा अशांपैकी एक होय. त्यास मोठे भांडवल लागत नाही. त्याची विद्या आजीपासून आईस व आईपासून लेकीस मिळालेली असते. आणि स्वयंपाक, लेकरे व गुरेढोरे सांभाळूनही तो चालविता येतो. तथापि पुष्कळ बायका वर्षभर शिवतात, आणि वर्षाच्या शेवटी हाती काय उरले म्हणून पाहतात तो काहीच नसते. शिवण्यात त्या चुकत नाहीत. भाव सांगण्यात चुकतात. यास्तव या पाठात गोधडीचा भाव कसा ठरवावा हे मुख्यत्वेकरून सांगू, व त्याच्या जोडीला धंद्याच्या इतर गोष्टींचाही विचार करू.

1. हा धंदा आताच का?

पुनावळ्याचे उदाहरण घ्या. पवनेच्या खोऱ्यातील हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामील झाले. जेथे शेते होती तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत, व हिंजवडीच्या कचेऱ्यांत आणि चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबे त्यांत राहतात. जमीन गेली तेथे तिच्यावरचे कामही गेले. खुरपणी व कापणी यांवर ज्या बायकांस दोन पैसे मिळत, त्यांस ते मिळेनासे झाले. परंतु त्याच इमारतींत नवी गिऱ्हाइके आली आहेत. कोणाच्या घरी बाळ जन्मते, त्यास दुपटे हवे असते. कोणाची आजी वारते, व तिची नऊवारी लुगडी टाकून देववत नाहीत. त्यांची गोधडी करून मिळाली तर ती माणसे आनंदाने दाम देतात. गावठाणातील बाईच्या हातात विद्या आहे, व समोरच्या इमारतीत तिची गरज आहे.

गोधडी ही केवळ गरिबाची वस्तू आहे, अशी लाज कोणी बाळगू नये. दक्षिण महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. कर्नाटकात कौदी व बंगाल्यात कांथा या तिच्याच बहिणी आहेत. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर एक संपूर्ण इंग्रजी ग्रंथ 2013 साली प्रसिद्ध केला. ज्या वस्तूवर विद्वान लोक ग्रंथ लिहितात, ती दारावर पडेल त्या किमतीस देण्याजोगी नव्हे.

2. कापड व टाका

आतील थरांसाठी जुने सुती लुगडे अथवा धोतर सर्वांत उत्तम. वापराने ते मऊ झालेले असते व सुई त्यातून सहज जाते. नायलॉनच्या साड्या घालू नयेत. त्या घसरतात, घाम शोषीत नाहीत व विस्तवाजवळ धोक्याच्या असतात. जुने कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, विरलेला भाग कापून टाकावा. वरचे कापड नवे असेल तर ते आधी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते व गोधडीस सुरकुत्या पडतात. लाल व निळ्या रंगाच्या कापडावर ओला पांढरा फडका घासून पाहावा; फडका रंगला तर ते कापड वापरू नये.

सर्व थर जमिनीवर ताणून पसरावे, कच्च्या टाक्यांनी जागोजागी धरून ठेवावे, मगच धावदोरा घालावा. कडेपासून आरंभ करून चौकटीत चौकट घालीत मध्यापर्यंत यावे. ओळींतील अंतर सर्वत्र सारखे असावे. बाळाच्या दुपट्यास मणी, टिकल्या किंवा गुंड्या लावू नयेत. त्या सुटून लेकराच्या तोंडात जातात. काम दिवसाच्या उजेडात करावे व तासातासाने उठून पाठ सरळ करावी. डोळे व पाठ हेच या धंद्याचे भांडवल होय. ते खर्चून टाकल्यास परत मिळत नाही.

3. भाव कसा ठरवावा?

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एक मोठी गोधडी 60 इंच रुंद व 90 इंच लांब आहे, व ओळींत एक एक इंचाचे अंतर आहे असे समजू. साठास नव्वदाने गुणिले असता 5,400 येतात. म्हणजे टाक्यांच्या सर्व ओळी एकापुढे एक ठेविल्या तर त्यांची लांबी सुमारे 5,400 इंच, अर्थात दीडशे वार होईल. इंचास चार टाके धरिले तर त्या एका गोधडीत 21,600 टाके झाले! ओळींतील अंतर अर्धा इंच केले, तर ही संख्या दुप्पट होते. म्हणून दाट टाक्यांची गोधडी व विरळ टाक्यांची गोधडी एकाच भावाने विकणे हा आपल्याच हातांवर अन्याय आहे. दोरा मात्र ओळींच्या लांबीहूनही अधिक लागतो, कारण तो थरांतून खालीवर जातो; तो घेताना हे ध्यानात असावे.

एक बाई तासाला दीडशे इंच शिवते असे समजा. तिला नुसत्या टाक्यांस 36 तास लागतील. कापड धुणे, कापणे, जोडणे व किनार लावणे यांस आणखी आठ तास धरू. एकूण 44 तास झाले. वरचे कापड 250 रुपये, दोरा 120 रुपये, किनार व सुया 70 रुपये, मिळून 440 रुपये सामानाचे. आता ती गोधडी शेजारणीस 700 रुपयांस दिली, तर सामान वजा जाता 260 रुपये उरले. ते 44 तासांवर वाटून पाहा. तासाला सहा रुपयांहूनही कमी पडतात! 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. खड्डे खणणाऱ्यास जे मिळाले, त्याच्या पावपट देखील या कसबी बाईस मिळाले नाही. आणि तिला वाटते की आपण 260 रुपये कमाविले.

तासाला निदान 40 रुपये धरावे. आठ तासांच्या दिवसास ते 320 रुपये होतात. हे काही अधिक नव्हे. चव्वेचाळीस तासांचे 1,760 रुपये व सामानाचे 440, मिळून 2,200 झाले. त्यावर दहावा हिस्सा वाहतूक, नासधूस व धंद्याची वाढ यांसाठी घातला, म्हणजे 2,420 रुपये हा त्या गोधडीचा खरा भाव. कापडाचे दर गावोगाव निराळे असतील, हातांचा वेग निराळा असेल. पण हिशेबाची रीत हीच राहील.

कोणी म्हणेल, "एवढा भाव कोण देईल?" ज्यास केवळ पांघरूण हवे आहे तो देणार नाही, व त्याच्यासाठी बाजारात यंत्राची चादर आहे. त्याच्याशी स्पर्धा करू नये. ज्यास हातची गोधडी हवी आहे त्यास 21,600 टाक्यांचा हिशेब उघडपणे सांगावा. आरंभ लहान वस्तूने करावा हे बरे. छत्तीस इंच चौरस दुपट्यात ओळींची लांबी 1,296 इंच, म्हणजे मोठ्या गोधडीच्या चौथाईहूनही कमी असते. अकरा तासांचे 440 रुपये व सामानाचे 110 मिळून ते 550 रुपयांस पडते. वरचा दहावा हिस्सा धरून 605 रुपये सांगावे. गिऱ्हाइकास हे जड वाटत नाही व शिवणारीचीही हानी होत नाही.

4. सचोटी व हिशेब

यंत्रावर शिवलेली गोधडी हातची म्हणून विकू नये. यंत्राचे काम हलके नव्हे, पण त्याचा भाव निराळा. आत जुने कापड असेल तर तसे आधीच सांगावे. माप बरोबर द्यावे. फर्मास घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, व कोणत्या दिवशी देणार तो दिवस लिहून द्यावा.

एक वही करावी. तीत सामान, लागलेले तास, आलेले पैसे व येणे बाकी अशी चार सदरे असावीत. तासांचे सदर कोणी ठेवीत नाही, आणि तेथेच नुकसान होते. मिळालेले पैसे बाईच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जावे. तिने शिवावे आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात जावे, हे घरोघर दिसते, पण ते न्याय्य नव्हे. शेजारच्या बायकांस काम दिले तर भाव आधी ठरवावा व काम हाती येताच मजुरी चुकती करावी. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, हा नियम लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तो केवळ जमीनदारांसाठी लिहिलेला नाही.

5. सोबत व विक्री

एकटीने मोठी फर्मास पुरी होत नाही. दहा-बारा बायकांनी बचत गट करावा. आपल्या पुणे जिल्ह्यातच पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनात निराधार स्त्रियांस विणकाम व छपाईसारखे उद्योग शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले, हे आपण जाणतोच. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरविते; पुण्यात भीमथडी जत्रा भरते. तेथे माल मांडावा, व पुढील फर्माशी मिळविण्याकडे अधिक लक्ष द्यावे. लहान धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी 2020 सालापासून आहे व ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणी दलाल पैसे मागेल तर देऊ नये. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु या वर्गात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते. परंतु सुई-दोऱ्याच्या धंद्यास आरंभी कर्जाची गरज क्वचितच पडते; फर्मास हाती आल्यावाचून कर्ज काढू नये.

एक दूरचे उदाहरण देतो. अमेरिकेतील अलाबामा संस्थानात, नदीच्या वळणावरील गीज बेंड या वस्तीत, गुलामांच्या वंशातील गरीब स्त्रिया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. 1966 साली त्या भागातील बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था स्थापिली, व एका ख्रिस्ती पाळकाने त्या कामी त्यांस साहाय्य केले. पुढे 2002 साली गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन शहरातील कलासंग्रहालयात भिंतीवर लावण्यात आल्या, आणि 2006 साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापली गेली. कापड तेच जुनेपुराणे होते. पण शिवणाऱ्या बायकांची नावे लोकांस कळली, तेव्हा जगाची दृष्टी पालटली. म्हणून आपल्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यास शिवणारीचे नाव, गाव व साल दोऱ्याने घालावे. यापोतील टबीथेने केलेले अंगरखे व वस्त्रे विधवांनी पेत्रास दाखविली, तेव्हा ती कोणाच्या हातची हे प्रत्येकीस ठाऊक होते.

भगिनींनो, गोधडीस जुने कापड फुकट मिळेल, उजेड फुकट मिळेल, पण तुमचे तास फुकट नाहीत. ते वहीत लिहा, म्हणजे भाव सांगताना जीभ अडखळणार नाही.

अभ्यासाकरिता प्रश्न

(1) तुम्ही शेवटी शिवलेल्या गोधडीस किती तास लागले? सामान वजा जाता तासाला काय मिळाले?
(2) ओळींतील अंतर एक इंचाऐवजी पाऊण इंच केले, तर 60 इंच रुंद व 90 इंच लांब गोधडीत ओळींची लांबी किती होईल?
(3) तुमच्या घरी या धंद्याचे पैसे कोणाच्या हाती जातात? ते कसे बदलावे?
(4) तुमच्या मंडळीत गट करू शकतील अशा दहा बायका कोण? पुढील रविवारी त्यांची बैठक बोलवावी.