जोंगाच्या बत्त्या

बाळा, लिलावातली जोंगा घेतलीस, फार बरं केलंस. ती आपल्या गावचीच गाडी. १९६९ साली जबलपूरला व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि निसान पेट्रोलच्या आराखड्यावर ही जीप फौजेसाठी इथंच बनू लागली. २०१९मध्ये महेंद्रसिंग धोनीनं एक घेतली, तेव्हा देशभर तिचे फोटो झळकले. आम्हाला जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात तिची ओळख नव्यानं करून घ्यावी लागली नाही.

आता तू म्हणतोस, रात्री रस्ता दिसत नाही, चांगले झगझगीत बल्ब टाकतो. थांब. मला माझ्या उस्तादांनी दिलेला पहिला कानमंत्र असा, की बत्ती मंद वाटली तर बल्बला हात लावण्याआधी मीटर लावायचं. मीसुद्धा तुला तेच सांगणार.

आधी बॅटरीवर मीटर लाव. इंजिन बंद असताना आकडा १२.६च्या आसपास आला तर गाडी १२ व्होल्टची, २५च्या आसपास आला तर २४ची. हे तपासायलाच हवं. फौजी गाड्यांत २४ व्होल्ट पुष्कळदा असतात, आणि चार हात फिरलेल्या गाडीत कुणी काय बदललं याची नोंद कोणी ठेवत नाही. बल्ब, रिले, हॉर्न, सगळी खरेदी या एका आकड्यावर ठरते.

मग इंजिन चालू करून थोडी रेस दे आणि डिपर लाव. बत्ती पेटलेली असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेव, दुसरं बल्बच्या होल्डरमागे करंट येतो त्या पिनवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट तारेत हरवतायत. आता तसंच बल्बच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोज. १२ व्होल्टच्या गाडीत दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असावं. जुन्या गाडीत एक, दीड, कधी दोनही निघतात. वाटेल, त्यात काय एवढं! पण व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड १० टक्के घटत नाही, जवळजवळ ३० टक्के घटतो. वरच्या मजल्यावर पाणी करंगळीएवढं येतं म्हणून तोटी बदलणाऱ्याचं आणि बत्ती मंद म्हणून बल्ब बदलणाऱ्याचं दुखणं एकच, ते पाइपात असतं.

हे व्होल्ट हरवतात कुठे? जुन्या गाडीत बत्तीचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येतो, तिथून डिपरच्या स्विचमधून फिरतो आणि मग पुन्हा पुढे बत्तीकडे जातो. तार बारीक, स्विचचे पॉइंट काळे पडलेले, आणि अर्थिंग म्हणजे मडगार्डला मारलेला एक गंजका बोल्ट. म्हणून पहिलं काम जवळजवळ फुकटचं. अर्थिंगचे बोल्ट काढ, खालचा पत्रा पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घास, आणि प्रत्येक बत्तीच्या होल्डरपासून थेट चासीपर्यंत नवी जाड तार टाक. कित्येक गाड्यांना एवढ्यानंच नवी नजर येते.

दुसरं काम रिलेचं. डिपरला एक, अप्परला एक, असे दोन रिले बॅटरीजवळ कोरड्या जागी बसव. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजमार्गे येणारी तार ३० नंबरच्या पिनला, ८७मधून बत्तीला, ८५ अर्थिंगला, आणि बत्तीकडे जाणारी जुनी तार ८६ला. आता स्विचवरून रिले ओढण्यापुरता किंचित करंट जाईल, बत्तीचा भार जाड तारेवर पडेल, स्विच जळणार नाही. तार २.५ चौरस मिलिमीटरची घे, त्याहून बारीक नको. फ्यूज बॅटरीला खेटून असू दे, म्हणजे तार कुठे पत्र्याला घासली तरी आग लागणार नाही. पत्र्याच्या भोकातून तार जाईल तिथं रबरी ग्रोमेट हवाच. आणि नीट ऐक, ८७च्या पुढे डाव्या आणि उजव्या बत्तीचे फ्यूज वेगळे ठेव. बरगीच्या पुढे रात्री एक फ्यूज उडाला तर दुसरी बत्ती जळत राहिली पाहिजे.

जुनं वायरिंग मात्र कापू नकोस. जोडण्या अशा कर, की रिले काढले तर गाडी पूर्वीसारखी होईल. फौजी स्विचमध्ये काफिल्याच्या झाकलेल्या बत्तीची जागा असेल तर तीही राहू दे. २०२१ साली केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. तुझ्या गाडीची ५० वर्षं भरतील तेव्हा हे मूळ रूप कामाला येईल.

एवढं झालं की मग बल्ब. जुन्या डूममध्ये साधा ४५/४० वॅटचा बल्ब असेल तर त्याच्या जागी एच-४ हॅलोजन, ६०/५५ वॅटचा, हा योग्य बदल. जुन्या बल्बचा पाया पी ४५ टी, एच-४चा पी ४३ टी, म्हणून एक तर पी ४५ टी पायाचा हॅलोजन शोध, नाही तर ७ इंची डूम एच-४चाच बसव. गाडी २४ व्होल्टची निघाली तर तिथं ७५/७० वॅटचा बल्ब लागतो. १००/९०चा बल्ब कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. १२ व्होल्टला त्याचे दोन बल्ब अप्परवर जवळजवळ १७ अँपिअर ओढतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा काळवंडतो, समोरचा आंधळा होतो आणि कायद्यातही ते बसत नाही. शिवाय डायनॅमोच्या गाडीला हा भार झेपायचा नाही. अ‍ॅम्बॅसडरच्या काळातल्या लुकास डायनॅमोची सगळी ताकद २२ अँपिअरच्या आसपास, तीही गाडी पळत असताना.

चार्जिंगही बघून घे. १२ व्होल्टच्या गाडीत १४.५च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर ठीक कर, कारण व्होल्टेज ५ टक्के जास्त झालं की बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही, हे तुला माहीत असेलच. रिफ्लेक्टर मात्र पुष्कळ जण ब्रासोनं घासतात आणि कायमचा घालवतात. त्याला फार तर स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळव. मुलामा उडालेला असेल तर नवा डूमच घे.

एलईडीबद्दल माझं मत ठाम आहे. हॅलोजनच्या डूममध्ये एलईडी बल्ब टोचू नये. रिफ्लेक्टर आणि काचेवरच्या रेघा एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आखलेल्या असतात. एलईडीची पट्टी त्या जागी तशी बसत नाही, उजेड वर विखुरतो. गाडीत बसलेल्याला वाटतं, वा, काय उजेड! समोरून स्कूटरवर लेकराला घेऊन येणाऱ्या माणसाला वाटतं, आता मेलो.

आता बत्ती लावणं, म्हणजे निशाणा. आपल्या गल्लीत समोरची भिंत दोन पावलांवर, तिथं हे होणार नाही. सपाट मैदान आणि एक भिंत शोध. टायरची हवा बरोबर, टाकीत तेल, चालकाच्या जागी माणूस. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी कर, बत्तीच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आख, आणि डिपरची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली आण. फिरवायचे ते दोन निशाण्याचे स्क्रू. कडी धरून ठेवणारे तीन वेगळे, त्यांना हात लावू नकोस. मागे सहा माणसं बसणार असतील तर त्यांना बसवूनच निशाणा लाव, कारण पाट्याच्या स्प्रिंगा मागून दबल्या की नाक वर उठतं. नियमही हेच सांगतो. बत्तीपुढे ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला झळ लागता कामा नये.

भिंतीवर आणखी एक गोष्ट बघ. एच-४च्या डिपरची कड डाव्या हाताला वर चढलेली दिसली पाहिजे. उजवीकडे चढत असेल तर काच परदेशी, उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशासाठीची. ती परत कर. ही डावी चढण आपल्या रस्त्यांवर फार मोलाची आहे. मंडल्याच्या वाटेवर, लखनादौनकडे, डाव्या कडेनं पहाटेच्या अंधारात नर्मदेचे परिक्रमावासी चालत असतात, पाठीवर झोळी, हातात काठी. गुरं तिथंच बसतात, बिनदिव्याची बैलगाडीही तिथूनच जाते. डिपरचा उजेड त्यांच्या पायांपर्यंत वेळेत पोचला पाहिजे. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पौष-माघात नर्मदेकाठी धुकं उतरलं की अप्पर मुळीच लावू नकोस, धुक्याची पांढरी भिंतच उभी राहते. जादा बत्ती हवीच असेल तर बंपरच्या खाली, पसरट उजेडाची लाव. पिवळी की पांढरी यावर लोक भांडतात, माझ्या अनुभवात तिची उंची जास्त महत्त्वाची. तिला रिले आणि फ्यूज स्वतंत्र.

डिकीतल्या डब्यात दोन फ्यूज आणि एक बल्ब कायम असू दे. दोन्ही रिले एकाच जातीचे घे. वाटेत डिपरचा रिले गेला तर अप्परचा काढून त्या जागी टोच, आणि सावकाश घरी ये.