गावचा दिवा, गावचा पैसा

दिवस मावळतो. गल्लीतल्या खांबावरचा दिवा लागतो. म्हातारी माणसे देवळातून बिनघोर घरी येतात. रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला वाट दिसते. विंचूकाटा दिसतो. हा दिवा गावाचा आहे. त्याचे बिल ग्रामपंचायत भरते.

ग्रामपंचायतीजवळ पैसा कुठून येतो? आपली घरपट्टीची पावती काढून पाहा. तीत 'दिवाबत्ती कर' असा एक रकाना असतो. तो पैसा आपण दिलेला आहे. म्हणून दिव्याचा हिशेब विचारणे हा आपला हक्क आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गात आम्ही एकदा गावचे वीजबिल वाचायला घेतले. एक मावशी नुकत्याच अक्षरे जुळवायला शिकल्या होत्या. त्यांनी आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "गुरुजी, शाळेपुढला दिवा तर भर दुपारी बी जळायलाय. त्याचे पैसे बी ह्याच्यातच धरलेत का?"

आम्ही गप्प झालो. त्या दिव्याखालून आम्ही रोज जात होतो. दिवसा तो कामून जळतो, हे आम्ही कधी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही सारे मिळून गावात फिरलो. पुष्कळ दिवे उन्हात जळत होते. त्यांना बटणच नव्हते! तार सरळ वरच्या तारेला जोडलेली होती. वीज आली की दिवा लागे. वीज गेली की विझे.

आता हिशेब करू या. वीज युनिटात मोजतात. १००० वॅटचा दिवा एक तास जळला की एक युनिट होते. धान्य पायलीने मोजतो, तशी ही विजेची पायली समजा.

समजा, गावात ५० दिवे आहेत. जुनी ट्यूबलाईट ४० वॅटची असते. तिचा चोकही वीज खातो. दोन्ही मिळून ५० वॅट धरू. ५० दिव्यांचे झाले २५०० वॅट. रात्रीच्या १२ तासांत ३० युनिट जळतात. महिन्याचे होतात ९०० युनिट. हेच दिवे दिवसाही जळत राहिले, तर महिन्याला १८०० युनिट जळतात. म्हणजे निम्मा पैसा उन्हात गेला. सूर्याला दिवा दाखवून काय मिळाले?

पहिला उपाय बटणाचा. रस्त्यावरच्या दिव्यांची तार वेगळी करून घ्यावी. तिला एक पेटी आणि एक बटण बसवावे. सांजसकाळ बटण दाबायचे काम एकाच माणसाकडे द्यावे. काम साऱ्यांचे म्हटले, की कुणाचेच राहत नाही. वेळेवर आपोआप चालू-बंद होणारी पेटीही मिळते. मात्र खांबावर आपण कोणी चढू नये. ते काम वायरमनचे आहे. जीव विजेपेक्षा मोलाचा आहे.

दुसरा उपाय एलईडी दिव्याचा. ट्यूबच्या जागी २० वॅटचा चांगला एलईडी दिवा गल्लीला पुरतो. ५० दिव्यांना महिन्याला ३६० युनिट लागतात. ९०० मधून ३६० गेले. उरले ५४०. एका युनिटला ७ रुपये धरले, तर महिन्याला ३७८० रुपये वाचतात. एक दिवा समजा १००० रुपयांना पडला. ५० दिव्यांचा खर्च झाला ५० हजार. तो तेरा-चौदा महिन्यांत फिटतो. पुढची बचत गावाची. दिवे घेताना हमी मात्र कागदावर लिहून घ्यावी. स्वस्तातला दिवा सहा महिन्यांत गेला, तर सारा हिशेब फसतो.

तिसरा उपाय पाण्याच्या मोटरीचा. ५ अश्वशक्तीची मोटर तासाला ४ युनिटांहून जास्त वीज घेते. टाकी भरून वाहते आणि मोटर चालूच असते. नळाला तोटी नाही. पाईप फुटलेला आहे. असे वाहून गेलेले पाणी विजेनेच वर चढवलेले असते. रोज एक तास मोटर फुकट चालली, तर महिन्याला १२० युनिट मातीत जातात. तोटी लावणे हीसुद्धा विजेचीच बचत आहे.

बिल थकले तर काय होते? २०२१ साली थकबाकीमुळे राज्यातल्या अनेक गावांचे रस्त्यावरचे दिवे तोडले गेले. गावे अंधारात बसली. मग १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून बिल भरायला सरकारने सांगितले. दिवे लागले, पण गावच्या दुसऱ्या कामांचा पैसा बिलात गेला. अनेक सरपंचांनी त्याला विरोधही केला. बिल कमी असते, तर तो पैसा गटाराला आणि शाळेला उरला असता.

वीज वाचली की पाणीही वाचते. शेजारच्या परळीच्या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. त्या वाफेवर वीज होते. आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्याचे गोदावरीचे पाणी तिकडे जाते. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. दुष्काळाची झळ आपल्या परभणी जिल्ह्याला काही नवी नाही.

काही गावे आणखी पुढे गेली आहेत. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात मान्याची वाडी नावाचे लहान गाव आहे. २०२४ साली ते राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. तिथे उन्हापासून वीज करतात. ऊन तर आपल्याकडे त्याहून कडक! पण आधी गळती थांबवावी. वीज कमी लागली, की सौर पाट्याही कमी लागतात आणि खर्च आटोक्यात राहतो.

आमच्या मावशींचे पुढे काय झाले? ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. हातात बिल होते. आवाज थोडा कापत होता. पण त्यांनी आकडा स्वतः वाचून दाखवला. सरपंचांनी ऐकून घेतले. ठराव लिहिला गेला. महिना-दीड महिन्यात पेटी बसली. आज शाळेपुढचा दिवा सकाळी विझतो. वाचता आले, म्हणून विचारता आले.

तुम्हीही एवढे करा. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडे गावचे वीजबिल पाहायला मागा. युनिट किती, ते वाचा. मीटर चालू आहे का, ते पाहा. मीटर बंद असले, तर बिल अंदाजाने येते. मग ग्रामसभेत विचारा.

सांगा पाहू:
१. तुमच्या गावात रस्त्यावर किती दिवे आहेत? दिवसा किती जळतात?
२. २० वॅटचे १० दिवे रात्री १२ तास जळले, तर ३० दिवसांत किती युनिट होतील?
३. गावच्या मोटरीचे बटण कोण बंद करते?