स्वतःस उद्देशून लिहिलेलें पुस्तक

आत्मशोधाच्या ग्रंथांविषयीं सामान्य वाचकांत दोन समज दृढ झालेले दिसतात. पहिला असा कीं, ज्यास स्वतःची पुरती ओळख पटली आहे अशा सिद्ध पुरुषानेंच असा ग्रंथ लिहावा. इतरांस तो अधिकार नाहीं. दुसरा असा कीं, असा ग्रंथ आदरपूर्वक शेवटपर्यंत वाचला म्हणजे वाचकाचें काम संपलें आणि आत्मज्ञान त्याच्या पदरांत पडलें. पालक मुलांच्या हातीं अशीं पुस्तकें देतात तीं बहुधा दुसऱ्या समजुतीनें, आणि मुलें स्वतःविषयीं लिहिण्यास भितात तीं पहिल्या समजुतीनें. हे दोन्ही समज आमच्या मतें चुकीचे आहेत. एका जुन्या पुस्तकाचा इतिहास पाहिला असतां हें सहज ध्यानांत येईल. तो इतिहास प्रथम सांगून, मग आमच्या विद्यार्थ्यांस त्यापासून काय घेतां येईल याचा विचार करूं.

रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस याचा जन्म इ. स. १२१ मध्यें झाला आणि १६१ मध्यें तो गादीवर आला. त्याची कारकीर्द सुखाची नव्हती. पूर्वेकडील लढाईवरून परतलेल्या सैन्याबरोबर साम्राज्यांत भयंकर सांथ शिरली, आणि उत्तरेस डॅन्यूब नदीच्या कांठच्या टोळ्यांशीं वर्षानुवर्षें युद्ध चाललें. या धामधुमींत वेळ काढून त्यानें कांहीं टांचणें लिहून ठेविलीं. त्यांचे बारा भाग आज आपणांस उपलब्ध आहेत. एका भागाजवळ तो क्वादी लोकांच्या मुलुखांत लिहिल्याची, व दुसऱ्याजवळ कार्नुंटम या लष्करी ठाण्यांत लिहिल्याची नोंद सांपडते. बादशहाची भाषा लॅटिन. परंतु तत्त्वज्ञानाची भाषा त्या काळीं ग्रीक असल्यामुळें त्यानें हें लेखन ग्रीकमध्यें केलें. १८० सालीं तो मरण पावला. पुस्तक प्रथम छापलें गेलें तें १५५९ सालीं, झूरिक शहरीं; म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर सुमारें चौदाशें वर्षांनीं.

या पुस्तकांत 'तूं' हा शब्द वारंवार येतो. परंतु हा 'तूं' म्हणजे वाचक नव्हे. लेखक स्वतःसच 'तूं' म्हणून हांक मारीत आहे. पुढें या पुस्तकास जें ग्रीक नांव रूढ झालें त्याचाही अर्थ 'स्वतःस उद्देशून' असाच आहे. सर्व ज्ञात जगाचा स्वामी, पण पहांटे अंथरूण सोडण्याचा त्यास कंटाळा येतो, आणि तो स्वतःशीं वाद घालतो कीं, तुझा जन्म उबेंत लोळण्यासाठीं झाला काय? आज कृतघ्न, मत्सरी व लुडबुड्या माणसांशीं गांठ पडेल, तेव्हां रागावूं नको, तीं तुझींच भावंडें आहेत, असें तो दिवस सुरू होण्यापूर्वींच स्वतःस बजावतो. हीच समजूत दहा पानांनंतर तो पुन्हां घालतो, आणि पुढें तिसऱ्यांदाही घालतो. एखाद्या विद्यार्थ्यानें असा निबंध आणला तर आम्ही त्यावर पुनरुक्तीचा दोष ठेवूं. परंतु या पुनरुक्तींतच पुस्तकाचा प्राण आहे. एकदां कळलेली गोष्ट पुन्हां कां लिहावी लागते? कारण ती कळते, पण वळत नाहीं. ज्यास स्वतःचा शोध लागून चुकला त्यानें हें पुस्तक लिहिलें नाहीं; रोज चुकणाऱ्या व रोज स्वतःस जागेवर आणूं पाहणाऱ्या माणसानें लिहिलें. पहिल्या समजुतीचें उत्तर येथेंच मिळतें.

आतां वाचनाकडे वळूं. पुस्तकाच्या पहिल्या भागांत मार्कसनें आजोबा, आई, गुरुजन इत्यादिकांपासून आपणांस काय काय लाभलें याची यादी दिली आहे. त्यांत रुस्टिकस नांवाच्या गुरूचा उल्लेख विशेष मननीय आहे. आपल्या स्वभावास सुधारणेची गरज आहे हें त्यानें आपणांस दाखविलें, बारकाईनें वाचण्यास व वरवरच्या समजुतीवर समाधान न मानण्यास शिकविलें, आणि स्वतःच्या संग्रहांतील एपिक्टेटसचीं प्रवचनें वाचावयास दिलीं, असें मार्कस कृतज्ञतेनें नमूद करितो. हा एपिक्टेटस कोण? जन्मानें गुलाम आणि पायानें लंगडा. गुलामगिरींतून सुटल्यावर त्यानें ग्रीस देशांत निकोपोलिस येथें शाळा चालविली. त्यानें स्वतः कांहीं लिहिलें नाहीं. एरियन नामक शिष्यानें त्याचें बोलणें उतरवून घेतलें. गुलामाचे शब्द शिष्याच्या लेखणींतून उतरले, तें पुस्तक गुरूच्या हातून राजपुत्राकडे आलें, आणि राजपुत्र बादशहा झाल्यावर त्यांतूनच त्याची स्वतःची टांचणवही उगवली. चांगल्या वाचनाचें फळ याहून सुंदर तें कोणतें?

परंतु येथेंच थांबलों तर आम्ही वाचकांस अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. हाच रुस्टिकस पुढें रोम शहराचा मुख्य अधिकारी झाला. इ. स. १६५ च्या सुमारास त्याच्यापुढें जस्टिन नांवाचा एक मनुष्य व त्याचे सहा सोबती उभे करण्यांत आले. जस्टिन हाही तत्त्वज्ञच होता. पॅलेस्टाईनमध्यें जन्मलेला हा गृहस्थ सत्याच्या शोधांत एका पंथाच्या गुरूकडून दुसऱ्याकडे फिरला होता, आणि शेवटीं ख्रिस्ती झाल्यावरही त्यानें तत्त्वज्ञाचा झगा अंगावरून उतरविला नव्हता. रुस्टिकसनें त्यास राज्याच्या देवतांपुढें यज्ञ करण्यास फर्माविलें. त्यानें नकार दिला. आणि त्या सातही जणांस मृत्यूची शिक्षा झाली. पुढें १७७ सालीं, मार्कस गादीवर असतांनाच, आज फ्रान्समध्यें असलेल्या लिऑं शहरीं अनेक ख्रिस्ती लोकांचे अनन्वित हाल करून त्यांस ठार मारण्यांत आलें.

'बारकाईनें वाच' असें शिकविणारा गुरु आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसास वाचूं शकला नाहीं. सर्व माणसें भावंडें असें लिहिणाऱ्या बादशहाच्या राज्यांत हें घडलें. त्यांस ढोंगी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु तें खरें नाहीं आणि उपयोगाचेंही नाहीं. दोघेही प्रामाणिक होते. पहांटेचा आळस मार्कसला दिसला, कारण तो अंथरुणांत त्याच्याजवळच होता. कायद्याच्या व रूढीच्या आड लपलेला अन्याय मात्र दिसला नाहीं, कारण तो कर्तव्याचा वेष घेऊन आला होता. आपल्या ज्या चुका आपणांस चुका वाटतात त्या सांपडणें तितकेंसें कठीण नाहीं. ज्या आपणांस सद्गुण वाटतात त्यांच्यापाशीं आत्मशोधाची खरी परीक्षा होते. कितीही थोर ग्रंथ ही परीक्षा वाचकाच्या वतीनें देऊं शकत नाहीं. दुसऱ्या समजुतीचें उत्तर हें आहे.

आपल्याकडे समर्थ रामदासांनीं ही गोष्ट चांगली ओळखली होती. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीं मूर्खाचीं लक्षणें सांगितल्यावर समर्थ तेथेंच थांबले नाहींत. त्याच दशकाच्या दहाव्या समासांत त्यांनीं पढतमूर्खाचींही लक्षणें दिलीं. म्हणजे ज्यानें वाचलें आहे, ज्यास बोलतां येतें, तरीही जो मूर्खच राहिला, त्यासाठीं एक समास राखून ठेविला. हा समास वाचतांना होणारी एक गंमत आम्ही अनेकदां पाहिली आहे. प्रत्येक लक्षणाबरोबर वाचकास कोणी तरी आठवतो: हें आमच्या शेजाऱ्याचें, तें आमच्या मामांचें, आणि हें तर थेट कचेरींतल्या साहेबांचें! समास संपतो, आणि वाचक तेवढा त्यांतून अस्पर्श बाहेर पडतो. असें वाचन हजार वेळां केलें तरी तो आत्मशोध नव्हे. ती शेजाऱ्याची झडती होय.

हें लिहितांना आम्हांस आमचाच एक प्रमाद आठवतो. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वरच्या वर्गास आम्ही 'माझा एक दोष' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. बहुतेक वह्यांत आळस, क्रोध व वेळेचा अपव्यय यांवर सुरेख वाक्यें होतीं, मधून मधून सुभाषितें होतीं, आणि शेवटीं दोष जिंकण्याचा निर्धारही होता. एका मुलानें मात्र आठ-दहा ओळीच लिहिल्या होत्या. घरांतील कंदिलाची कांच आपल्या हातून फुटली, मार धाकट्या भावास बसला, आणि आपण दाराआड उभे राहून गप्प बसलों. भाऊ अजून आपल्याच शेजारीं निजतो व त्यास हें ठाऊक नाहीं, एवढेंच त्यांत होतें. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. आम्ही त्या लाल शाईनें सुधारल्या, 'विषयाचा विस्तार हवा' असा शेरा मारला, आणि सुभाषितांनीं भरलेला एक निबंध नमुना म्हणून वर्गांत वाचून दाखविला. त्यानंतर त्या मुलाच्या प्रत्येक निबंधांत सुरेख वाक्यें येऊं लागलीं. कंदिलासारखें कांहीं पुन्हां आलें नाहीं. त्या दिवसांत मार्कसचें पुस्तक आमच्याच मेजावर असे, आणि त्यांतील कित्येक वाक्यांखालीं आम्ही पेन्सिलीनें रेघाही ओढल्या होत्या. शुद्धलेखन सुधारणें हें आमचें कर्तव्यच होतें. त्या कर्तव्याच्या आड आमची चूक आम्हांस दिसली नाहीं. ती दिसली तेव्हां मुलगा शाळा सोडून गेला होता.

मग अशा लेखनाचा नमुना कोठें पाहावा? सोळाव्या शतकांतील मिशेल द माँतेन या फ्रेंच लेखकाचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. जन्म १५३३ चा. अडतिसाव्या वर्षीं, म्हणजे १५७१ मध्यें, न्यायाधिकाऱ्याचें काम सोडून तो आपल्या वाड्याच्या बुरुजांतील ग्रंथालयांत जाऊन बसला. छताच्या तुळयांवर त्यानें ग्रीक व लॅटिन वचनें रंगवून घेतलीं होतीं. लिहिलें मात्र त्यानें स्वतःविषयीं: आपला विसराळूपणा, मुतखड्याचा आजार, आवडीनिवडी, भीति, मैत्री. १५८० मध्यें त्याचे दोन खंड निघाले, १५८८ मध्यें तिसऱ्याची भर पडली. तरी त्याचें समाधान झालें नाहीं. छापील प्रतीच्या समासांत तो १५९२ मध्यें मरेपर्यंत भर घालीत राहिला. ती प्रत बोर्दो शहरीं आजही जतन केलेली आहे. मत बदललें तरी पूर्वींचें सहसा न खोडतां नवें तो शेजारीं लिही. आपल्या 'निबंध' शब्दांत बांधण्याचा अर्थ आहे. त्यानें आपल्या लेखनास जें नांव दिलें त्याचा अर्थ 'करून पाहिलेला प्रयत्न' असा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा दुसरा अर्थही मनांत बाळगावा.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. विद्यार्थ्यांनो, असा ग्रंथ एका बैठकींत संपवूं नका. एक पान वाचा आणि पुस्तक मिटा. मग वहींत वाचलेलें वाक्य उतरून घेण्याऐवजीं त्या वाक्यानें आठवून दिलेली स्वतःची एक गोष्ट लिहा. ती कोणत्या दिवशीं घडली व समोर कोण होतें तेंही लिहा. 'मी आळशी आहें' या वाक्यापासून कोणासही कांहीं कळत नाहीं; 'सोमवारीं आईनें पाण्यासाठीं दोनदां हांक मारली व मी निजल्याचें सोंग केलें' यापासून पुष्कळ कळतें. महिन्यानें तें पान पुन्हां वाचा, आणि मत बदललें असेल तर माँतेनप्रमाणें तें समासांत लिहा. मूळचें फाडूं नका. वर्षांतून एकदां एक कठीण प्रश्नही स्वतःस विचारा: ज्या गोष्टीबद्दल लोक माझी वाखाणणी करितात, तिच्यामुळें कोणास दुःख तर होत नाहीं ना? वर्गांत पहिला येणाऱ्यानें व घरीं आज्ञाधारक म्हणविणाऱ्यानें हा प्रश्न विशेष विचारावा.

पालकांस आमची विनंति एकच आहे. मुलाच्या उशाखालीं अशी वही दिसली तर ती उघडूं नका. मार्कसनें जगासाठीं लिहिलें नाहीं म्हणूनच तो खरें लिहूं शकला. आपली वही वडील पाहणार हें ठाऊक असलेला मुलगा वडिलांस आवडेल तेंच लिहील. आणि तसें लिहिण्याची एकदां संवय जडली कीं ती सुटत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

ज्यांस आरंभ कसा करावा हें कळत नसेल त्यांनीं मार्कसच्या पहिल्या भागाप्रमाणेंच करावें. या सुट्टींत एक कोरी वही घ्यावी, आणि आपणांस कोणाकडून काय मिळालें त्याची यादी लिहावी. आजीपासून काय, आईपासून काय, शेजारच्या सुताराकडून काय, वर्गांतील सोबत्याकडून काय. यादी पुरी झाली म्हणजे ज्यांचीं नांवें लिहावयाचीं राहून गेलीं त्यांच्यासाठीं एक पान कोरें ठेवावें. तें पान भरतां भरतां, आपण कोण आहों याविषयीं बरेंच कांहीं कळूं लागेल. आमच्या स्वतःच्या वहींत त्या पानावर, पुष्कळ उशीरां कां होईना, कंदिलाची कांच फोडणाऱ्या त्या मुलाचा उल्लेख आम्ही केला आहे.